दर वेळी ‘दाखवणे’ म्हणजे ‘शो’ नाही

या महिन्यात वाचकांचे जे प्रश्न आलेत त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच शब्दापाशी येतायत, तो म्हणजे ‘शो’. ज्युनिअर केजीतल्या पोरालासुद्धा येणारा शब्द, ‘शो मी युवर नोटबुक’, पण मोठेपणी ऑफिसचा मेल लिहायला बसलं की नेमका हाच अडतो. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि यावेळी फक्त ‘शो’ आणि त्याच्या भावकीतले ‘डिस्प्ले’ आणि ‘एग्झिबिट’ घेतलेत.

प्रश्न – ताई, मी सिंहगड रोडला राहते, हिंजवडीत नोकरी करते. आईला डॉक्टरला दाखवायचं होतं म्हणून मॅनेजरला सुट्टीचा मेल टाकला, ‘आय हॅव टू शो माय मदर टू द डॉक्टर’. टीममधली मैत्रीण म्हणाली हे इंग्रजी नाही. दाखवणे म्हणजे शो च ना? मग चुकलं काय?

उत्तर – मैत्रिणीचं बरोबर आहे. असं लिहा: ‘आय हॅव टू टेक माय मदर टू द डॉक्टर’. स्वतःला जायचं असेल तर ‘आय नीड टू सी अ डॉक्टर’. इंग्रजीत पेशंट डॉक्टरला ‘सी’ करतो, म्हणजे जाऊन भेटतो, आणि दुसऱ्या कुणाला घेऊन जायचं तर ‘टेक’. ‘शो माय मदर टू द डॉक्टर’ ऐकून लंडनच्या माणसाला एवढंच कळतं की तुम्ही डॉक्टरांना सांगताय, ही बघा माझी आई. तपासणी, औषध, यातलं काही त्या वाक्यात येतच नाही.

पण हे का होतं ते जरा नीट बघूया, कारण मराठीत विचार करून इंग्रजी बोलणाऱ्या जवळपास सगळ्यांच्या तोंडी हे वाक्य येतं. आपलं ‘दाखवणे’ फार ऐसपैस आहे. आपण डॉक्टरला पेशंट दाखवतो, देवाला नैवेद्य दाखवतो, गाद्यांना ऊन दाखवतो, रिक्षाला हात दाखवतो, लहान पोराला बागुलबुवाची भीती दाखवतो. या सगळ्यात कुणीतरी डोळ्यांनी बघतंय असं थोडंच आहे, गादी काही ऊन बघत बसत नाही. दोन गोष्टी एकमेकींसमोर आणल्या, एकीचा दुसरीवर काहीतरी परिणाम व्हावा म्हणून आणल्या, एवढं झालं की मराठीला ‘दाखवणे’ चालतं. इंग्रजी ‘शो’ला तेवढ्यावर चालत नाही. तिथे बघणारा लागतो, डोळ्यांनी बघणारा किंवा निदान डोक्याने समजून घेणारा, आणि त्याने बघावं हाच मुख्य हेतू लागतो. हेतू दुसरा असला की इंग्रजी सरळ त्या दुसऱ्या हेतूचं क्रियापद उचलते.

म्हणून नैवेद्य ‘ऑफर’ करतात, कारण तिथे अर्पण करणं मुख्य. गाद्या ‘पुट आउट इन द सन’. रिक्षाला हात दाखवला तर ‘आय फ्लॅग्ड डाउन अ रिक्षा’, कारण ती थांबवायची होती, हात बघायला लावायचा नव्हता. (‘शो युवर हँड’ असाही प्रयोग आहे पण तो पत्त्यांमधून आलाय, आपल्या हातातली पानं उघडी करणे, आणि त्यावरून आपला बेत उघड करणे.) बोट दाखवलं तर ‘पॉइंटेड ॲट’, भीती दाखवली तर ‘स्केअर्ड’ किंवा धमकी असेल तर ‘थ्रेटन्ड’, नोकरीचं आमिष दाखवलं तर ‘लुअर्ड विथ द प्रॉमिस ऑफ अ जॉब’. चूक दाखवली तर ‘पॉइंटेड आउट द मिस्टेक’ जास्त छान वाटतं. आणि गाडीला हिरवा झेंडा दाखवला तर आपल्याकडच्या इंग्रजीत ‘फ्लॅग्ड ऑफ’, हे तर तुम्ही रोजच्या बातम्यांत वाचताच.

आता गंमत बघा, त्याच डॉक्टरांच्या केबिनमध्ये ‘शो’ अगदी बरोबर बसतो अशाही जागा आहेत. ‘आय शोड द डॉक्टर द रिपोर्ट्स’ बरोबर, कारण रिपोर्ट बघायचेच असतात. ‘शी शोड हिम हर स्वोलन नी’, सुजलेला गुडघा दाखवला, बरोबर. ‘द एक्स-रे शोज अ फ्रॅक्चर’, हेही बरोबर, इथे एक्स-रे च दाखवतोय. फक्त आई दाखवायची नाही, आईला न्यायचं.

याच ओघात एक सांगते. ‘मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम’ याचं इंग्रजी काय असं विचारणारे प्रश्न मला अधूनमधून येतात आणि लोक ‘दे शोड द गर्ल’ असं करून मोकळे होतात. कृपा करून तसं लिहू नका. इंग्रजीत ते वाचून मुलगी म्हणजे वस्तू असं वाटतं, आणि खरं बोलायचं तर मराठीत पण ते तितकंच खटकायला हवं, आपल्याला सवय झालीये म्हणून खटकत नाही. ‘द टू फॅमिलीज मेट’ म्हणा. दोन्ही घरं भेटली, संपलं.

आणि उलट बाजूने, काही ठिकाणी मराठी आणि इंग्रजी दोघी हातात हात घालून चालतात, तिथे घाबरायचं कारण नाही. दया दाखवणे, ‘शो मर्सी’. वाट दाखवणे, ‘शो द वे’. बाहेरचा रस्ता दाखवणे, ‘शो समवन द डोअर’. लोकांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही, ‘आय कान्ट शो माय फेस’. हे चारही जसेच्या तसे वापरा.

प्रश्न – मी अकरावीला आहे, सरांनी ‘ही हॅज शोड’ ला लाल रेघ मारली पण एका डिक्शनरीत ते दिलंय. आणि ‘शो मी’ की ‘शो टू मी’? मित्र म्हणतो ‘एक्सप्लेन मी’ चुकतं तर ‘शो मी’ पण चुकतं.

उत्तर – डिक्शनरी खोटं बोलत नाहीये, ‘हॅज शोड’ काही लोक वापरतात आणि कोशात त्याची नोंद असते, पण परीक्षेत आणि कामाच्या लिखाणात ‘हॅज शोन’ च लिही. कर्मणीत तर दुसरा विचारच नको, ‘वी वेअर शोन द फ्लॅट’, तिथे ‘वेअर शोड’ कानाला फार विचित्र लागतं. साधा भूतकाळ ‘शोड’, एका दमात, ‘शो-एड’ असा तोडायचा नाही, आणि ‘शव्ड’ पण म्हणायचं नाही कारण ‘शव्ड’ म्हणजे ढकललं. ‘शोन’चा उच्चार ‘लोन’ सारखा.

तुझा मित्र नियम बरोबर सांगतोय पण भलत्या शब्दाला लावतोय. ‘एक्सप्लेन’ला माणूस थेट चिकटत नाही, मध्ये ‘टू’ लागतं, ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘शो’ मात्र ‘गिव्ह’च्या रांगेतला आहे. ‘गिव्ह मी द बुक’ आणि ‘गिव्ह द बुक टू मी’ दोन्ही चालतं ना, तसंच ‘शो मी द बुक’ आणि ‘शो द बुक टू मी’. म्हणजे माणूस आधी आला तर ‘टू’ नको, वस्तू आधी आली तर ‘टू’ हवा. ‘शो टू मी द बुक’ ही मधलीच खिचडी तेवढी टाळ, पुण्यातल्या दुकानांत ती फार ऐकू येते.

यापुढचं जे आहे ते शाळेत कमी शिकवतात पण उपयोगाला ते जास्त येतं. ‘शो’च्या मागे अख्खं वाक्य येऊ शकतं, ‘द सर्व्हे शोज दॅट…’, किंवा ‘हाऊ टू’ येऊ शकतं, ‘आजी शोड मी हाऊ टू मेक पुरणपोळी’. नुसतं ‘शोड मी टू मेक’ नाही हं, ‘हाऊ’ सोडायचा नाही. आणि सीसीटीव्हीच्या बातम्यांत दिसतं तसं ‘द फुटेज शोज हिम लीव्हिंग द बिल्डिंग’, इथे ‘लीव्हिंग’, ‘टू लीव्ह’ नाही.

अजून एक, आणि हा माझा सगळ्यात आवडता. ‘शो’ कधीकधी एकटाच येतो, त्याला कर्म लागत नाही. ‘द स्टेन डजन्ट शो’, डाग दिसत नाही. ‘यू हॅव वर्क्ड हार्ड अँड इट शोज’, मेहनत केलीस ती दिसून येते. ‘व्हॉट्स शोइंग?’ म्हणजे थेटरात कुठला सिनेमा लागलाय. मराठीत दिसणे वेगळं आणि दाखवणे वेगळं, दोन क्रियापदं, इंग्रजीत इथे दोघांचं काम एकटा ‘शो’ करतो. हे एकदा बसलं की ‘इट इज शोन’ असं ओढूनताणून लिहावं लागत नाही.

प्रश्न – मी सदाशिव पेठेत राहतो, सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. उभी हयात ‘शो-कॉज नोटीस’ आणि ‘कारणे दाखवा नोटीस’ हे दोन्ही शब्द वापरले. कारण ही काय दाखवायची वस्तू आहे का, असं नेहमी वाटायचं. शिवाय जुन्या कागदांत एकदा ‘शो’चं स्पेलिंगच वेगळं पाहिलं होतं, ती छपाईची चूक असावी का?

उत्तर – काका, ती छपाईची चूक नाही. ‘ओ’च्या जागी ‘ई’, म्हणजे एस-एच-ई-डब्ल्यू असं या शब्दाचं जुनं स्पेलिंग होतं, उच्चार ‘शो’ च. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये ते आहे, ब्रिटिश कायद्याच्या कागदांत ते खूप उशिरापर्यंत टिकलं, आणि नाटककार बर्नार्ड शॉ तर विसाव्या शतकातही हट्टाने तेच लिहायचे.

‘कारणे दाखवा’ हे भाषांतर मला तरी चांगलं वाटतं. कायद्यात ‘शो’ म्हणजे आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडून समोरच्याला पटवणे. तुमच्यावर कारवाई का करू नये याचं कारण असेल तर ते मांडा, हा त्या नोटिशीचा अर्थ, म्हणजे ती शिक्षा नाही, शिक्षेच्या आधी बोलायची संधी आहे. ऑफिसात मात्र ती हातात पडली की माणसाचा चेहरा उतरतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. आपल्याकडच्या पेपरांत ‘ही वॉज शो-कॉज्ड’ असं क्रियापद करून टाकलेलं असतं, बाहेरच्या माणसाला ते कळत नाही, ‘ही वॉज सर्व्ह्ड अ शो-कॉज नोटीस’ असं पूर्ण लिहिलेलं बरं.

आणि तुम्ही जुन्या रूपाचा विषय काढलाच आहे तर सांगते, या शब्दाचा मूळ अर्थ ‘दाखवणे’ नव्हताच, ‘बघणे’ होता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ निरखून पाहणे, आणि साधारण 1200 च्या आसपास तो उलटून ‘बघायला लावणे’ असा झाला. जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ अजून जुन्याच अर्थाने नांदतोय, ‘शाउएन’ म्हणजे बघणे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेले खूप लोक आहेत, त्यांना ‘शाउफेन्स्टर’ आठवेल, दुकानाची दर्शनी काच. वर पहिल्या उत्तरात मी म्हटलं ना की ‘शो’ला बघणारा लागतोच, तो बघणारा असा मुळापासूनच त्या शब्दात बसलेला आहे.

प्रश्न – लक्ष्मी रोडजवळ आमचं साड्यांचं दुकान आहे. पाट्या करायच्यात. काचेतल्या साड्यांना ‘शो पीस’ लिहू की ‘डिस्प्ले’ की ‘एग्झिबिट’? आणि दिवाळीआधी हॉल घेऊन जे लावतो त्याला ‘सेल कम एक्झिबिशन’ म्हणतो ते बरोबर आहे का?

उत्तर – दादा, काचेतल्या साडीला ‘डिस्प्ले’. पाटी अशी करा, ‘ऑन डिस्प्ले, नॉट फॉर सेल’, आणि विकायची असेल तर ‘डिस्प्ले पीस, प्लीज आस्क अस फॉर द प्राइस’. ‘शोपीस’ आपण मराठीत शोकेसमधल्या हत्ती-घोड्यांना म्हणतो, इंग्रजीत त्याचा अर्थ एखाद्या संग्रहातली किंवा कामातली अभिमानाने पुढे करावी अशी सर्वांत देखणी गोष्ट. तुमच्याकडची एकच खास पैठणी असेल तर तिला ‘द शोपीस ऑफ अवर कलेक्शन’ जरूर म्हणा, पण टीव्हीच्या बाजूच्या चिनीमातीच्या ससुल्याला इंग्रजीत ‘ऑर्नमेंट’ किंवा ‘डेकोरेटिव्ह पीस’.

‘डिस्प्ले’ हा शब्द तर साडीवाल्यांचाच म्हणायला हवा. लॅटिनमध्ये घडी मोडणे, उलगडणे असा त्याचा मूळ अर्थ, तिथून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि आधी झेंडे, निशाणं उलगडून फडकवणे या अर्थाने वापरला गेला. तुमचा माणूस गादीवर बसून साडीची घडी सर्रकन उलगडतो आणि पदर समोर टाकतो ना, अगदी तेच. त्यामुळे आजही ‘डिस्प्ले’मध्ये मांडणीचा विचार असतो, नीट दिसावं म्हणून पसरून, सजवून, लावून ठेवलेलं. ‘शो’ मध्ये ते नसतं. गिऱ्हाईक आलं आणि तुम्ही एक साडी काढून समोर धरली तर ते ‘शो’, गिऱ्हाईक असो नसो दिवसभर काचेत लावलीये ते ‘डिस्प्ले’. म्हणजे ‘शो’ला समोर माणूस, ‘डिस्प्ले’ला जागा.

‘एग्झिबिट’ अजून वरच्या पायरीवरचा, औपचारिक. लॅटिनमध्ये ‘बाहेर धरणे’, हातात घेऊन पुढे करणे. संग्रहालयं, कलादालनं आणि कोर्ट ही त्याची घरं. केळकर म्युझियमचंच घ्या, तिथल्या संग्रहात वीस हजारांच्या वर वस्तू आहेत आणि त्यातल्या साधारण अडीच हजारच मांडलेल्या असतात, त्या ‘ऑन डिस्प्ले’, आणि त्यातला एकेक दिवा, एकेक अडकित्ता म्हणजे एकेक ‘एग्झिबिट’. शिवाजीनगरच्या कोर्टात पुराव्याच्या कागदावर जो नंबर पडतो तोही एग्झिबिट, मराठीत त्याला ‘निशाणी’ म्हणतात, आणि मला हा आपला शब्द फार आवडतो, छोटा आणि नेमका. माणसाच्या वागण्याबद्दल पण हे वापरतात, ‘द पेशंट एग्झिबिटेड नो सिम्प्टम्स’, पण ते रिपोर्टात, घरी बोलताना ‘शोड’.

उच्चाराचं एक लक्षात ठेवा. ‘एग्झिबिट’ मध्ये ‘ग्झ’ आणि जोर मधल्या ‘झि’वर. ‘एक्सिबिशन’ मध्ये मात्र ‘क्स’, जोर ‘बि’वर. स्पेलिंगमधला ‘एच’ दोन्हीकडे मुका. ‘एक्झिहिबिशन’ असं जे बरेच लोक म्हणतात ते नको.

तुमच्या हॉलमधल्या कार्यक्रमाला ‘एक्सिबिशन अँड सेल’ म्हणा. ‘कम’ हा लॅटिन शब्द इंग्रजीत चालतो पण आता तो जुना वाटतो, आणि लिहिताना इंग्रजी वाचकाचा उगाच गोंधळ होतो. मग कुणी विचारेल की एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचं भरतं ते ‘फ्लॉवर शो’ का आणि बालगंधर्वच्या कलादालनात चित्रांचं असतं ते ‘एक्सिबिशन’ का. ढोबळमानाने असं, की जिथे स्पर्धा, बक्षिसं, सादरीकरण, थोडी धामधूम असते तिथे ‘शो’ रुळलाय, फ्लॉवर शो, डॉग शो, फॅशन शो. शांतपणे फिरून बघायचं ते ‘एक्सिबिशन’. हा काही दगडावरचा नियम नाही, वापराने पडलेली वाट आहे.

प्रश्न – आमच्या ऑफिसात ‘ही डिडन्ट शो अप’ असं सर्रास म्हणतात, ते उद्धट आहे का? आणि ‘डोन्ट डू शो ऑफ’ बरोबर आहे का?

उत्तर – ‘शो अप’ उद्धट नाही पण सैलसर आहे, टीममध्ये बोलताना ठीक, क्लायंटला लिहिताना ‘ही वॉज अनेबल टू अटेंड’ असं लिहा. त्यात थोडी नाराजी पण असते, वाट बघत होतो आणि हा उगवलाच नाही. कंपनीची कॅब येऊन थांबली आणि माणूस आलाच नाही की ड्रायव्हर ‘नो-शो’ टाकतो ना, तो शब्द विमान आणि हॉटेलच्या बुकिंगमधला, आता सगळीकडे पसरलाय.

‘डोन्ट डू शो ऑफ’ चूक. ‘शो ऑफ’ हे स्वतःच क्रियापद आहे, ‘डोन्ट शो ऑफ’. नाम म्हणून वापरलं तर ते माणसाला लागतं, ‘ही इज अ शो-ऑफ’, म्हणजे तो शायनिंग मारणारा. जवळच्या जवळ अजून दोन: ‘शो समवन अराउंड’ म्हणजे फिरून दाखवणे, पाहुण्यांना शनिवारवाडा वगैरे, आणि ‘शो देम इन’ म्हणजे आत घेऊन या.

प्रश्न – नातू अमेरिकेत असतो. फोनवर बोलताना मी म्हणाले, ‘त्याने मला कात्रजचा घाट दाखवला’. नातू विचारतो, ‘आजी, वॉज इट ब्युटिफुल?’ आता याला इंग्रजीत कसं समजावू?

उत्तर – आजी, त्याला आधी गोष्ट सांगा, वाक्य नंतर. 5 एप्रिल 1663 च्या रात्री शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानावर छापा घातला, खानाची बोटं तुटली, आणि पाठलाग चुकवण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पेटते पलिते बांधून सोडले, मोगल फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज दुसऱ्याच वाटेने सिंहगडाकडे गेले, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यावरून कात्रजचा घाट दाखवणे म्हणजे चकवणे.

इंग्रजीत याला दोन वाक्प्रचार लागतात, एकात काम भागत नाही. गोष्टीतला प्रसंग सांगायचा तर ‘ही गेव्ह देम द स्लिप’, पाठलाग करणाऱ्यांच्या हातावर तुरी दिल्या. आणि तुमच्या बाबतीत कुणी गोड बोलून फसवलं असेल तर ‘ही लेड मी अप द गार्डन पाथ’, यात पण वाट आहे आणि चुकवणं आहे, फक्त घाटाऐवजी बाग. हा ब्रिटिश ढंगाचा झाला, अमेरिकेत बहुतेक ‘डाउन द गार्डन पाथ’ म्हणतात, तुमच्या नातवाला तोच ओळखीचा वाटेल. ‘ही शोड मी कात्रज घाट’ असं म्हणाल तर तो ब्युटिफुलच म्हणणार, त्याचं काही चुकलं नाही.

प्रश्न – आम्ही कसबा पेठेतल्या एका मंडळाचे कार्यकर्ते. गणपतीत परदेशी पाहुणे बरेच येतात, त्यांच्यासाठी इंग्रजीत पाटी करायची आहे. ‘देखावा’ला काय लिहायचं? कुणी डेकोरेशन म्हणतं, कुणी शो, कुणी सीन. एकाने तर ‘प्रिटेन्स’ काढलं कोशातून.

उत्तर – ‘प्रिटेन्स’ कोशात आहे कारण देखावा करणे म्हणजे सोंग करणे हाही अर्थ आहे, आणि इंग्रजी ‘शो’लाही तोच दुसरा अर्थ आहे, ‘इट वॉज ऑल फॉर शो’, नुसतं दाखवण्यापुरतं. पण तो मंडळाच्या पाटीवर नको.

कुठला शब्द घ्यायचा ते देखावा कसा आहे त्यावर ठरवा, सरसकट एकच लावू नका. पुतळे उभे करून पौराणिक किंवा ऐतिहासिक प्रसंग केला असेल तर ‘टॅब्लो’, हा मूळ फ्रेंच शब्द पण इंग्रजीत पक्का बसलाय आणि परदेशी माणसाला लगेच कळतो. पुतळे हलते असतील तर ‘मूव्हिंग टॅब्लो’. माणसंच उभी राहून करतात तो जिवंत देखावा म्हणजे ‘लाइव्ह टॅब्लो’, आणि त्यात संवाद, नाटुकलं असेल तर मग तो ‘शॉर्ट प्ले’ च झाला, तसंच लिहा. नुसती विद्युत रोषणाई असेल तर ‘लाइट डिस्प्ले’. मंदिराची किंवा राजवाड्याची प्रतिकृती असेल तर ‘रेप्लिका’. ‘डेकोरेशन’ म्हणजे आरास, मखर, फुलं, पताका, ते देखाव्याच्या भोवती असतं, देखावा नाही. ‘सीन’ नको, आपल्याकडे ‘सीन झाला’ म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये आणि इंग्रजीत पण ‘मेक अ सीन’ म्हणजे चारचौघांत तमाशा करणे.

‘शो’ मात्र एका जागी तुम्हाला नक्की लागेल, वेळेला. जिवंत देखावा ठरावीक वेळाने परत परत होतो ना, त्या प्रत्येक वेळेला ‘शो’ म्हणतात. वर विषयाचं नाव, खाली ‘लाइव्ह टॅब्लो’, त्याखाली ‘नेक्स्ट शो ॲट 8.30’, आणि किती मिनिटांचा आहे तेही लिहा, कारण गर्दीत उभ्या असलेल्या पाहुण्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं. विषय शाहिस्तेखानाचा, अफजलखानाचा असेल तर कोण कुणाशी लढतोय, कुठे आणि कुठल्या साली, एवढं दोन ओळींत द्या, आपल्याला पाठ असलं तरी त्यांना काहीच माहिती नसतं. पाटी फ्लेक्सवाल्याकडे द्यायच्या आधी मजकूर इकडे पाठवलात तर मी वाचून देईन.